चित्र म्हणजे कुलूप नव्हे

चित्रकलेबद्दल हल्ली जे बोललं-लिहिलं जातं, त्यात एक सूर फार वाढला आहे. चित्र समोर आलं की पहिला प्रश्न असतो, 'यात काय दडलंय?' मग कुणीतरी जाणकार पुढे होतो आणि यादी वाचून दाखवतो: त्रिकोण म्हणजे शक्ती, बिंदू म्हणजे शून्य, साप म्हणजे कुंडलिनी, डोळा म्हणजे गुप्त मंडळाची खूण. यादी संपली की चित्र उलगडलं असं जाहीर होतं आणि मंडळी पुढच्या चित्राकडे वळतात. या पद्धतीमागचा दावा थोडक्यात असा आहे: मोठ्या चित्रकारांनी गूढविद्येचं ज्ञान खुणांच्या रूपाने चित्रांत लपवून ठेवलं, त्या खुणांची किल्ली मिळाली की चित्राचा खरा अर्थ मिळतो, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला चित्र कळलंच नाही.

हा दावा मला मान्य नाही. तो पाहणाऱ्याचं आणि चित्रकाराचं, दोघांचंही नुकसान करतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. गूढविद्येचा आणि चित्रकलेचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. तो संबंध जुना आहे आणि अनेक ठिकाणी लेखी पुराव्यानिशी दाखवता येतो. माझा आक्षेप तो संबंध ज्या तऱ्हेने वाचला जातो तिच्यावर आहे.

गूढशोधकांच्या लाडक्या चित्रापासूनच सुरुवात करू. अल्ब्रेख्त ड्यूररने 1514 साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं 'मेलेंकोलिया 1' हे मुद्राचित्र जेमतेम 24 बाय 19 सेंटिमीटरचं आहे. पंख असलेली एक स्त्री गालाला हात टेकवून बसली आहे. तिच्या हातात कंपास आहे, पायाशी करवत, रंधा, खिळे पडले आहेत. जवळच एक हाडकुळं कुत्रं निजलं आहे आणि एक भलामोठा पैलूदार दगड उभा आहे. मागच्या भिंतीवर तराजू, वाळूचं घड्याळ, घंटा, आणि घंटेखाली सोळा घरांचा अंकचौकोन. त्याच्या वरच्या ओळीत 16, 3, 2, 13 आहेत, तर तळच्या ओळीत 4, 15, 14, 1. आडवी, उभी किंवा कर्णाची, कुठलीही ओळ घ्या, बेरीज 34 येते. तळच्या ओळीतले मधले दोन आकडे सलग वाचले की चित्राचं साल मिळतं.

आता खजुराहोला चला. तिथल्या दहाव्या शतकातल्या पार्श्वनाथ मंदिरात असाच सोळा घरांचा चौकोन कोरलेला आहे. पहिली ओळ 7, 12, 1, 14. त्याची बेरीजही 34, म्हणून लोक त्याला चौतीसा यंत्र म्हणतात. गूढशोधकाला एवढं पुरे होतं. जर्मनीत 34, खजुराहोत 34, म्हणजे दोन्हीकडे एकच गुप्त परंपरा असली पाहिजे, आणि ड्यूररने पूर्वेचं ज्ञान चित्रात लपवलं असलं पाहिजे!

कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दोन मिनिटांत हा बुडबुडा फुटतो. 1 ते 16 या आकड्यांची एकूण बेरीज 136. ती चार ओळींत सारखी वाटली की प्रत्येक ओळीला 34 येणारच. जगाच्या पाठीवर कुणीही, कुठल्याही शतकात, 1 ते 16 आकड्यांचा असा चौकोन मांडला तरी दुसरा आकडा येऊच शकत नाही. आपल्याकडे नारायण पंडितांनी 1356 साली 'गणितकौमुदी'त अशा चौकोनांचं गणित एक आख्खं प्रकरण देऊन मांडलं. ते शिकवायचं शास्त्र होतं, लपवायचं नव्हतं.

मग ड्यूररच्या चौकोनाला गूढविद्येचा काहीच अर्थ नाही का? आहे. त्या काळच्या युरोपात विषण्ण स्वभावाचा, म्हणजेच 'मेलेंकोलिया'चा, संबंध शनीशी लावत आणि सोळा घरांचा चौकोन गुरू ग्रहाचा मानत. शनीचा प्रभाव सौम्य करायला गुरूचा चौकोन, असा अर्थ पानोफ्स्की आणि साक्स्ल या कला-इतिहासकारांनी विसाव्या शतकात तत्कालीन ग्रंथांच्या आधारे मांडला. तो पटण्यासारखा आहे, कारण ते ग्रंथ उपलब्ध आहेत आणि तेव्हाच्या शिकलेल्या माणसाला हा विचार ठाऊक होता. पण एवढं कळल्यावरही चित्र पाहायचं बाकीच राहतं. त्या स्त्रीचा चेहरा ड्यूररने दाट रेघांनी काळवंडून टाकला आहे आणि त्या काळोखात डोळ्यांचा पांढरा भाग तेवढा उजळ ठेवला आहे. सगळी हत्यारं हाताशी आहेत आणि एकही वापरात नाही. कंपास हातात आहे, पण तो काही मोजत नाही. सगळं येत असूनही काहीच होत नाही, ही अवस्था त्या रेघांनी उभी केली आहे. अंकचौकोन झाकून ठेवला तरी ती दिसते. रेघा काढून घेतल्या तर नुसत्या अंकचौकोनातून ती कधीच दिसणार नाही.

दुसरं उदाहरण लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर'चं. 2003 साली आलेल्या एका गाजलेल्या कादंबरीने जगभरच्या लाखो वाचकांना पटवलं की येशूच्या शेजारी बसलेली व्यक्ती शिष्य योहान नसून मेरी मॅग्डालीन आहे, आणि लिओनार्दो हे रहस्य जपणाऱ्या एका प्राचीन गुप्त संघटनेचा प्रमुख होता. कादंबरीने कल्पनाविलास करावा, त्याला माझी ना नाही. पण तो इतिहास म्हणून सांगितला जातो तेव्हा कागदपत्रं पुढे करावीच लागतात. ती संघटना फ्रान्समध्ये 1956 साली प्येर प्लांतार नावाच्या गृहस्थाने नोंदवली. तिची प्राचीन वंशावळ बनावट कागदांवर उभी होती. आणि योहान? लिओनार्दोच्या आधी फ्लॉरेन्समध्ये कास्तान्योने 1447 च्या सुमारास आणि गिर्लांदायोने 1480 साली हाच प्रसंग भिंतीवर रंगवला. दोघांच्याही चित्रांत योहान दाढी न आलेला कोवळा तरुण आहे. ती रूढी होती. मिलानच्या ज्या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दोचं चित्र आहे, तिथे जेवायला बसणाऱ्या साध्याशा साधूलाही तो योहान आहे हे सांगावं लागत नसे.

याहून मोठी अडचण त्या भिंतीचीच आहे. लिओनार्दोने ओल्या गिलाव्याची रूढ पद्धत सोडून कोरड्या भिंतीवर रंग चढवले. त्याच्या हयातीतच ते सुटू लागले. पुढच्या शतकांत अनेकांनी त्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवला. 1978 ते 1999 अशी एकवीस वर्षं चाललेल्या दुरुस्तीत ते थर काढले, तेव्हा मूळ रंग किती थोडा उरला आहे हे सगळ्यांसमोर आलं. अशा भिंतीचा छापील फोटो मोठा करून बोटांच्या फटीत आणि कपड्यांच्या चुण्यांत जे संकेत शोधतात, त्यांना आपण लिओनार्दोचा रंग वाचतो आहोत की नंतरच्या एखाद्या कारागिराचा, हेसुद्धा सांगता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'अहो, पण चित्रांत आणि मूर्तींत खुणा असतातच की. मग त्या वाचायच्या नाहीत का?' जरूर वाचायच्या. आपल्याकडे तर त्यांचं संपूर्ण शास्त्रच आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतात. ही चार आयुधं चार हातांत चोवीस वेगवेगळ्या क्रमांनी ठेवता येतात, आणि त्या क्रमानुसार केशव, नारायण, माधव, गोविंद अशी संध्येतली चोवीस नावं ठरतात. ग. ह. खरे यांनी मराठीत 'मूर्तिविज्ञान' लिहून हे ज्ञान सर्वांसाठी खुलं केलं. ज्याला हा क्रम माहीत आहे तो देवळाच्या गाभाऱ्यात उभा राहून मूर्तीचं नाव सांगू शकतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ही खूण उघड आहे. शिल्पी, पुजारी आणि भक्त या तिघांनाही ती ठाऊक असावी म्हणूनच ती ठरवली गेली. दुसरी, ती मूर्तीचं फक्त नाव सांगते. केशवाच्या दोन मूर्ती शेजारी ठेवा. आयुधं तीच, क्रमही तोच. एकीच्या खांद्यात, कमरेच्या वळणात, मिटल्यासारख्या पापण्यांत प्राण असतो आणि दुसरी निव्वळ नियमाबरहुकूम घडवलेली असते. हा फरक आयुधांचा क्रम कधीच सांगणार नाही. तो सांगायला डोळे लागतात.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ, कारण तो टाळून केलेला प्रतिवाद प्रामाणिक ठरणार नाही. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट 1862 साली जन्मली आणि स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीत रीतसर शिकली. 1896 पासून ती चार मैत्रिणींबरोबर प्रेतात्म्यांशी संवाद साधण्याच्या बैठका घेत असे. 1906 ते 1915 या काळात तिने 'मंदिरासाठी' म्हणून 193 चित्रं रंगवली. ही कामगिरी आपल्याला परलोकातल्या शक्तींनी दिली अशी तिची श्रद्धा होती. तिने हजारो पानं टिपणं लिहिली. पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व, निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, हिरवा म्हणजे दोघांचं मीलन, अशी स्वतःच्या खुणांची नोंदही करून ठेवली. मृत्यूनंतर वीस वर्षं हे काम कुणाला दाखवू नये, असं तिने सांगून ठेवलं. 1944 साली ती गेली. 2018-19 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात तिचं प्रदर्शन भरलं, तेव्हा सहा लाखांहून अधिक लोक ते पाहायला आले.

गूढशोधक म्हणतील, 'घ्या, इथे तर चित्रकर्तीनेच किल्ली लिहून ठेवली आहे!' खरं आहे. तिच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्याने ती टिपणं वाचलीच पाहिजेत. तिची श्रद्धा बाजूला सारून तिला निव्वळ अमूर्तकलेची आद्य चित्रकर्ती ठरवणं हाही अन्याय आहे. पण तिच्या 1907 च्या 'दहा महाकाय' चित्रांपुढे ही किल्ली घेऊन उभे राहा. प्रत्येक चित्र तीन मीटरहून उंच, कागदावर टेंपेरा रंगांत केलेलं. बालपण निळ्या पार्श्वभूमीवर येतं, तारुण्य नारिंगीवर, प्रौढपण जांभळ्यावर, वार्धक्य फिक्या गुलाबीवर. फुलांच्या पाकळ्यांसारखे, शिंपल्यांसारखे आकार माणसाच्या दुप्पट उंचीवर तरंगतात. पिवळा म्हणजे पुरुष हे कळल्याने तो नारिंगी अंगावर का येतो, वार्धक्याच्या चित्रात जागा एकदम मोकळी आणि शांत का होते, याचा उलगडा होत नाही. तो होतो आकाराच्या भव्यतेने, रंगाच्या पातळ-दाट लेपाने, आणि वर्षानुवर्षं निसर्गचित्रं आणि वनस्पतींची चित्रं काढून तयार झालेल्या हाताने. त्या काळात युरोपात असंख्य लोक थिऑसॉफी या गूढवादी विचाराची पुस्तकं वाचत होते, अंधाऱ्या खोल्यांत बैठका घेत होते. ती सगळी चिन्हं त्यांनाही पाठ होती. ही चित्रं त्यांच्या हातून झाली नाहीत.

थिऑसॉफीकडे वळलेल्या पीट मोंद्रियान या डच चित्रकाराचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मादाम ब्लाव्हात्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी 1875 साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढली. 1879 साली ते मुंबईत आले आणि अड्यारला जाण्यापूर्वी सोसायटीचं मुख्यालय काही वर्षं आपल्या मुंबईतच होतं. मोंद्रियान 1909 साली हॉलंडमध्ये या सोसायटीचा सभासद झाला. दोन वर्षांत त्याने 'उत्क्रांती' नावाचं तीन भागांचं चित्र केलं. तीन निळसर नग्न स्त्रिया ताठ उभ्या. बाजूच्या दोघींचे चेहरे वर उचललेले आणि डोळे मिटलेले, मधलीचे डोळे सताड उघडे. एकीच्या डोक्याशी फुलं, दुसरीच्या डोक्याशी त्रिकोण, तिसरीच्या डोक्याशी षट्कोनी तारे. यादी वाचणाऱ्यांना याहून सोयीचं चित्र मिळायचं नाही. प्रत्येक खुणेचा अर्थ पुस्तकात सापडतो. आणि तरी मोंद्रियानच्या आयुष्यातलं हे एक अवघडलेलं, लाकडासारखं ताठर चित्र आहे.

पुढे तो पॅरिसला गेला, घनवाद शिकला, आणि हळूहळू फुलं, तारे, स्त्रिया सगळं गळून पडलं. उरल्या उभ्या-आडव्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा. 1942-43 मध्ये न्यूयॉर्कला केलेल्या 'ब्रॉडवे बूगी वूगी'त तर त्याने काळ्या रेषाही सोडल्या. पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे, करडे छोटे चौकोन असे बसवले की अख्खी चौकट ताल धरते. विश्वाचा समतोल शोधण्याची तहान त्याने सोडली नव्हती. ती चिन्हांतून निघून रंगाच्या मांडणीत उतरली. चिन्हं सर्वांत जास्त होती तेव्हा चित्र सर्वांत कमी होतं, हे ज्या पद्धतीला दिसत नाही, ती पद्धत चित्रकलेबद्दल बोलायला अपुरी आहे.

आता घराकडे येऊ, कारण या यादीबाजीने खरा धुमाकूळ आपल्या चित्रकारांच्या बाबतीत घातला आहे. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यात वाढले, नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले, 1950 साली फ्रान्सला गेले. लहानपणी शाळेत चित्त ठरत नव्हतं, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं, ही आठवण ते सांगत. 1980 च्या सुमारास बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. तेव्हापासून बिंदू म्हणजे शून्य, बिंदू म्हणजे ब्रह्म, असं सांगून त्यांची प्रत्येक चौकट एकाच वाक्यात निकालात काढली जाते. पण 1951 च्या 'ओ द कान्य' या चित्रात घरांच्या रांगेवर काळा सूर्य आधीच लटकलेला आहे. तंत्राची परिभाषा पुढे येण्याच्या कितीतरी आधी तो गोल काळा आकार रझांच्या हाताने शोधून काढला होता. शिवाय एक साधा तार्किक प्रश्न आहे. अर्थ जर खुणेतच असेल, तर नकली बिंदूतही तो तेवढाच असायला हवा. 2009 साली दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनात रझांना नकली चित्रं आढळली. ती त्यांनी ओळखली कशावरून? खुणांवरून नक्कीच नव्हे.

श्रीयंत्राचीही हीच गोष्ट. नऊ त्रिकोण, पाच अधोमुख आणि चार ऊर्ध्वमुख, एकमेकांत गुंतून 43 छोटे त्रिकोण तयार करतात. भोवती आठ आणि सोळा पाकळ्यांची कमळं, बाहेर भूपुर हा चौकोनी कोट. साधकासाठी ते पूजेचं साधन आहे. त्याचं सामर्थ्य मंत्रात, प्रतिष्ठेत, उपासनेत आहे. करणाऱ्याची सही त्यावर नसते. साठ-सत्तरच्या दशकांत 'तंत्र आर्ट' हे नाव गाजलं आणि अशी यंत्रं लंडनपर्यंत दालनांच्या भिंतींवर लागली. तेव्हापासून साधनेची वस्तू आणि चित्रकाराची निर्मिती यांतली रेषा पुसत गेली. त्यात यंत्राचाही अपमान झाला आणि चित्राचाही.

प्रभाकर बरवे यांनी ही रेषा स्वतःच्या कामातून पुन्हा आखली. साठच्या दशकात विणकर सेवा केंद्राच्या नोकरीसाठी ते बनारसला होते. तिथे त्यांना तंत्राची ओळख झाली आणि सुरुवातीच्या चित्रांत ते आकार थेट आले. पण बरवे तिथे थांबले नाहीत. पुढच्या चित्रांत एक पान येतं, एक घड्याळ येतं, इनॅमल रंगाच्या सपाट, चकचकीत पृष्ठावर रोजची वस्तू एकटी उभी राहते आणि तिच्याभोवतीची रिकामी जागा बोलू लागते. पान म्हणजे अमुक, घड्याळ म्हणजे तमुक, अशी यादी बरव्यांसाठी बनवता येणार नाही. 1990 च्या त्यांच्या 'कोरा कॅनव्हास'मध्ये आकार, अवकाश आणि प्रतिमा यांचा विचार आहे, खुणांचा कोश नाही. वासुदेव गायतोंडे तर याच्याही पुढे गेले. झेन विचाराकडे त्यांचा ओढा होता, पण त्यांच्या कॅनव्हासवर ओळखता येईल अशी एकही खूण नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, पुसलेले, पुन्हा चढवलेले रंगाचे थर, एवढंच आहे. जिथे चिन्हच नाही तिथे यादीवाला काय वाचणार? आणि तरीही गायतोंड्यांच्या चित्रासमोर माणसं गप्प होतात. किल्लीचा सिद्धांत इथे संपतो.

कुणाला वाटेल, एवढा आटापिटा कशासाठी? कुणी चित्रात खुणा शोधत असेल तर शोधू दे. मला तसं वाटत नाही, कारण याचे परिणाम रोज दिसतात. चित्रकलेचे विद्यार्थी आधी प्रतीकांचं टिपण लिहितात आणि मग त्याबरहुकूम चित्र काढतात. दालनात येणारा सामान्य माणूस 'आपल्याला यातलं काही कळत नाही' म्हणून दारातूनच परततो, कारण चित्र म्हणजे दीक्षा घेतलेल्यांचं काम असं त्याच्या मनावर ठसवलं गेलं आहे. आणि विकणारे हुशार लोक श्रद्धाळू घरांना बिंदू-त्रिकोण 'ऊर्जा देणारे' म्हणून विकतात. विद्यार्थी, प्रेक्षक आणि ग्राहक या तिघांनाही स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवणारी ही पद्धत आहे. गूढाची भाषा बोलत ती गूढाचाच नाश करते, कारण चार शब्दांत सांगून संपतं ते गूढ कसलं?

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. यापुढे कुणी चित्रातला गुप्त संकेत सांगितला की त्याला दोन प्रश्न जरूर विचारा. हे कुठे लिहिलं आहे, आणि चित्रकाराच्या काळात ते कुणाला ठाऊक होतं? पुरावा मिळाला तर तो आनंदाने स्वीकारा, मग ती थिऑसॉफी असो, तंत्र असो की ज्योतिष. चित्रकाराची श्रद्धा हा त्याच्या कामाचा भाग आहे आणि तिला मान दिलाच पाहिजे. पुरावा नसेल तर ती कहाणी कहाणी म्हणूनच ऐका. आणि दोन्ही वेळी, उत्तर मिळो न मिळो, चित्राकडे परत जा आणि रंग, रेषा, जागा यांनी तिथे काय घडवलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यासाठी कुठल्याही दीक्षेची गरज नाही. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि तो द्यायला कुणाचीही परवानगी लागत नाही.